भंडाऱ्याचं ताट

"हळद मोडू मोडू पिवळी झाली माझी बोटं,
रतन माझी मैना, तुझ्याविना घर मोठं…"

हा माझ्या आईचा आवाज. गोड म्हणावा असा नव्हता, जरा घोगरा, कडेला चिरलेला. पण मळ्यात वीस-बावीस बाया ओळीनं हळदीचे गड्डे मोडायला बसल्या, की पहिली ओळ आईनं टाकायची आणि दुसरी बाकीच्यांनी झेलायची, हा आमच्या आंबेघळचा रिवाज. आईचा उजवा अंगठा मोडताना जोर धरत नसे. लग्नाच्या वर्षी ऊस तोडताना कोयता लागून त्यावर आडवी चीर पडली होती. भोवतीचं कातडं पिवळं व्हायचं आणि चीर तेवढी कोरी राहायची.

रतन म्हणजे आमच्या शेजारघरची सून, बावीस वर्षांची. आदल्या वर्षी, दिवस भरलेले असताना, भर दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. पिंपळाखाली दादासाहेबांची जीप उभी होती. दादासाहेब आमचे आमदार; त्यांच्या सत्काराला माणसं न्यायला ती आलेली. आई अनवाणी धावत गेली. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांची गाडी आहे, बाटवायची नाही. पाच मैलांवरून लोंढे कंपाउंडर सायकल मारत आले, तोवर रतनचं डोकं आईच्या मांडीवर गार झालं होतं.

तेच लोंढे कंपाउंडर नव्वद सालच्या निवडणुकीत दादासाहेबांच्या विरोधात अपक्ष उभे राहिले. त्यांना चिन्ह मिळालं शिडी. दादासाहेबांची छत्री.

आमच्या गावात शिडीचं नाव घ्यायची सोय नव्हती. बासष्ट साली माणखेड मतदारसंघ झाला, तेव्हापासून सहा निवडणुका झाल्या. आधी थोरले साहेब, मग त्यांचे चिरंजीव दादासाहेब. आंबेघळचं एक मत कधी फुटलं नाही, असं गाव छाती काढून सांगायचं. पूर्वी गावागावाची पेटी वेगळी मोजत, तेव्हा ते दिसायचंही. पुढं सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एका पिंपात ओतून कालवायला लागले, तेव्हापासून कुठलं गाव कुठं गेलं ते देवालाच ठाऊक. पण गावाला काळजी नव्हती, कारण गाव भंडारा उचलायचं.

मतदानाच्या आदल्या सोमवारी, दिवस कलताना, भैरोबाच्या देवळात घराघराचा कर्ता पुरुष जमायचा. तांब्याच्या ताटात हळदीचा भंडारा. एकेकानं पुढं यायचं, चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि "छत्री" म्हणायचं. झाली शपथ. ते ताट धरायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर तो अण्णांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं आला होता. हिंदुराव शेवाळे ताट धरून उभे राहिले की सरपंचसुद्धा त्यांच्यापुढं मान वाकवत. अण्णांना दुसरी कसली हौस नव्हती. वर्षभर ते ताट आमच्या देव्हाऱ्याखाली असायचं. चिंचेनं घासून लख्ख करायचं काम आईचं आणि माझं. एकदा त्यात भंडारा पडला की मात्र बायकांनी हात लावायचा नाही.

त्या सोमवारी भंडारा उचलून झाला. दुसऱ्या दिवशी मळ्यात आईनं मान वर न करता मला विचारलं, "शाले, ती शिडी कागदावर कितवी गं?"

मी एकोणीस वर्षांची, दहावी शिकलेली. नमुन्याची मतपत्रिका मी पाहिली होती. म्हटलं, "तिसरी. छत्रीच्या खाली."

"काढून दाव."

हळकुंडाच्या टोकानं मी मातीत दोन उभ्या रेघा ओढल्या, मधे सात आडव्या. बाया वाकून बघत राहिल्या. सगळ्यांत थोरली कोंडाबाई, तिनं ओठ मुडपले. "अनसा, पर गावानं भंडारा उचललाय की."

"गावानं उचललाय," आई म्हणाली. "आपल्याला कुणी बोलावलंवतं?"

 गड्डे मोडल्याचे कटकट आवाज तेवढे येत राहिले. मग कोंडाबाईच पायानं ती शिडी पुसत म्हणाली, "न्हाई खरं. देव आपल्याला धरणार न्हाई."

त्या दिवसापासून आईनं ओवी बदलली.

"सात पायऱ्यांची शिडी, लावीन आभाळाकडं,
रतन माझी मैना, बसली ढगापलीकडं."

तिसऱ्या दिवशी ती ओवी गावभर झाली. पाणवठ्यावर, गोठ्यात, चुलीपुढं, बाकीच्या मळ्यांतल्या बायांतही. पुरुष ऐकायचे आणि म्हणायचे, पोरीनं लई जीव लावलावता बायांना.

मतदानाला आम्ही मळ्यातूनच गेलो. त्या साली हळद काढत होतं ते आमचंच गाव. नदीपलीकडच्या दोन गावांची काढणी महिन्यामागं उरकली होती. शाळेच्या फाटकाशी सरपंच दिनकरआबा उभे होते. प्रत्येकीला बोट दाखवून सांगत होते, छत्री, वरून दुसरी, चुकायचं न्हाई. बाया डोईवरचा पदर पुढं ओढून "व्हय जी" म्हणत होत्या. आत मतदानाच्या साहेबांनी शिक्का कसा मारायचा, शाई न पसरता घडी कशी घालायची ते सांगितलं. आई खोक्याच्या आडोशातून बाहेर आली ती करंजीची कड दाबावी तशी घडीवर अंगठा दाबत. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीही नाही.

मोजणी तिसऱ्या दिवशी माणखेडच्या गोदामात. दादासाहेबांच्या बाजूनं टेबलावर बसायला गावातून दोघं गेले, दिनकरआबा आणि अण्णा. संध्याकाळी परत आले ते वेगवेगळे. आबा मोटारसायकलवर, अण्णा चालत. आईनं पाणी पुढं केलं. अण्णांनी तांब्या घेतला आणि आईच्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दादासाहेब आलं निवडून. सव्वातीनशेनं." मागच्या खेपेला अकरा हजारांनी आले होते. तेवढं बोलून ते पाणी न पिताच गोठ्याकडं गेले.

आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ह्येंनी माझं हात का गं बघितलं?"

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. आम्ही बाया नेहमीसारख्या बाहेर, पायऱ्यांच्या कडेला. आत काय चाललंय ते शब्द न शब्द ऐकू येत होतं. आबांनी सांगितलं ते असं. पिंपात कालवलेल्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या. शिडीच्या गठ्ठ्यांत एक, मग चार, मग दहा, अशा पिवळे डाग पडलेल्या चिठ्ठ्या निघायला लागल्या. शंभरावर गेल्या. छत्रीच्या गठ्ठ्यांतही होत्या, पण बोटावर मोजण्याइतक्या. आबा म्हणाले, ही ठरवून केलेली खूण आहे, मतं बाद करा. मोजणीचे मोठे साहेब उठून आले. चिठ्ठी उजेडाला धरून त्यांनी विचारलं, हे काय आहे?

"तवा ह्यो हिंदुराव बोलला," आबांचा आवाज चढला. "म्हणला, भंडारा हाय साहेब. आमच्या गावात देवाला हात लावून मताला येत्यात, सगळ्यांच्याच हाताला असतोय. साहेब म्हणला, मग ती खूण न्हवं, मतं धरा. आपल्याच माणसानं दुसऱ्याची शंभर मतं वाचवली. आता मला सांगा, भंडारा कुणाच्या ताटातला?"

 भंडारा? जन्म हळदीत गेलेल्या माणसाला कोरड्या भंडाऱ्याचा डाग आणि मोडलेल्या हळदीचा ओला डाग वेगळा कळू नये? आईनं माझं मनगट धरलं होतं. 

आबांनी ताट मागवलं. प्रत्येकानं पुन्हा भंडारा उचलून सांगायचं, मी छत्रीलाच दिलं. एकेक पुरुष पुढं गेला आणि सांगून आला. प्रत्येकजण खरंच बोलत होता. त्यामुळं तर संशयाला टेकायला जागा मिळेना. भाऊ भावाकडं बघायला लागला. तू सोमवारी माणखेडला कशाला गेलावतास? त्या कंपाउंडरकडनं तू औषध आणतोस ना? असं एकेक निघायला लागलं. पोलीस पाटील जरा विचारी माणूस, तो म्हणाला, "बायकांचं काय? त्यांची बी मतं हायतच की."

आत हशा पिकला. जोतीराम घाडगे म्हणाला, "माझी हौसा मला इचारल्याबिगर आमटीत मीठ टाकत न्हाई, आन् मत टाकती व्हय?"

हौसा आमच्याच शेजारी बसली होती. तिनं आपला पिवळाजर्द तळवा बघितला आणि मुकाट्यानं पदराखाली घेतला. तिच्या दंडावर मागच्याच महिन्याचा वळ होता, आमटी खारट झाल्याचा.

मग आबा म्हणाले, "हिंदुराव, आता तू उचल."

अण्णांनी चिमूट उचलली. "मी छत्रीला दिलं."

"मंग ह्ये शंभर डाग कुठनं आलं? सोमवारनंतर तुझ्या दारात शिडीसाठी कोण भंडारा मागाय आलंवतं? नाव सांग, आन् मोकळा हो."

अण्णा गप्प. आबांनी पुन्हा विचारलं. अण्णा गप्पच. कुणीतरी मागून म्हणालं, घेतलं असंल कंपाउंडरकडनं काहीतरी. अण्णांना असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईनं माझं मनगट सोडलं. ती उठली. पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कोंडाबाई घशातल्या घशात म्हणाली, "अनसा, तू तुझं सांगशील, आमचं काय हुईल?" पण आई थांबली नाही. दुसरी पायरी. ती दारात दिसली तशी आतल्या माणसांनी माना वळवल्या.

अण्णांनीही पाहिलं. आणि तिचं तोंड उघडायच्या आत ते मोठ्यानं बोलले, "आबा, ताट घिऊन जावा. माझ्याच्यानं सांभाळणं झालं न्हाई." मग तिच्याकडं बघून, अगदी रोजच्या आवाजात, "तू हितं काय करतीस? म्हशीची वेळ झाली, धार काढ जा."

आई तशीच उभी राहिली. मग फिरली आणि पायऱ्या उतरली. मला वाटलं, अण्णा अपमानानं खचले. गावाला वाटलं, गुन्हा कबूल केला.

तरीही आबांचं मन निवलं नाही. दोन दिवसांनी ते मळ्यावर आले. आम्ही गड्डे मोडत होतो. पलीकडं अण्णा आणि दोन गडी काहिलीत हळद शिजवत होते. आईची ओवी निम्म्यात होती. तिनं त्यांना पाहिलं, पण ओवी तोडली नाही. तोडली असती तर तेवढ्यानंच सगळं उघडं पडलं असतं.

"सात पायऱ्यांची शिडी…"

"ही कुठली शिडी गं, अनसावैनी?"

"रतनला वर जायाला लागलेली, भावजी."

आबा ओळीच्या कडेनं चालत गेले. एकेकीच्या हाताकडं बघत. कोणाला हात लपवताही येईना. कामाला लागलेले हात लपवायचे कुठं? ओळीच्या शेवटी त्यांची स्वतःची बायको, तानूबाई, बसली होती. तिनं मान अधिकच खाली घातली. आबांनी वाकून एक गड्डा उचलला. कट्‌कन मोडला. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं आणि उजेडाला धरलं, मोठ्या साहेबांनी चिठ्ठी धरली होती तसं. 

तेवढ्यात काहिलीकडून अण्णांचा आवाज आला. "आबा, हात नका पिवळं करू. उद्या तुमच्यावर बी संशय यील."

गडी फिस्‌कन हसले. आबांनी अण्णांकडं पाहिलं, मग तानूबाईकडं. किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. शेवटी धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला, दोनदा, तीनदा, आणि बांधावरून निघून गेले. पुन्हा त्या गोष्टीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. पण ताटही परत केलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं मला विचारलं, "ह्येस्नी ठावं असंल का गं?"

"ठावं असतं तर बोललं नसतं का?" मी म्हटलं. "ठावं असतं तर भंडारा का म्हणलं असतं?"

"व्हय. बाप्यांचं हात काहिलीत. त्येस्नी काय कळतंय डागाचं," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच खरा वाटत नव्हता.

पुढची वर्षं आमच्या घरात एक चौथं माणूस राहत होतं असं मला वाटतं, आणि ते म्हणजे हा संशय. अण्णा जेवताना वाढणाऱ्या हाताकडं बघायचे, की मलाच तसं वाटायचं? हळदीच्या दिवसांत ते घरात पाय टाकताच आई हात पाण्यात घालायची. पाइपलाइनच्या पाण्याची आमची पाळी शेवटी गेली. लग्नाकार्यात अण्णांना कुणी पुढं बोलावीना. दर निवडणुकीला देवळात ताट फिरायचं, आबांच्या थोरल्या मुलाच्या हातात. अण्णा मागं खांबाला टेकून उभे राहायचे. मी सासरी गेले. दरवेळी माहेरी येताना ठरवायची, अण्णांना सांगायचं. पण हौसाचा दंड डोळ्यांपुढं यायचा. आणि दरवेळी आई म्हणायची, थांब, अजून जोतीराम हाय, अजून आबा हाय.

एक गोष्ट मात्र झाली. सव्वातीनशेची धास्ती खाऊन दादासाहेबांनी पुढच्याच वर्षी आंबेघळला दवाखान्याची खोली बांधली, नर्सबाई आणली. गावानं आबांचा सत्कार केला. माझी थोरली त्याच खोलीत झाली. आईनं नाव ठेवायला लावलं, रतन.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात पहिल्यांदाच मतदानाचं मशीन आलं. अण्णा सत्तरीला टेकलेले, डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून मीच त्यांना शाळेत घेऊन गेले. माझं मत सासरी, त्यामुळं मी बाहेर थांबले. ते बाहेर आले तेव्हा गोंधळलेले होते. पटांगणातल्या कट्ट्यावर मी त्यांना बसवलं.

"कागद न्हाईच व्हय गं आता?"

"न्हाई अण्णा. बटण दाबायचं."

"घडी न्हाई, काय न्हाई." त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ नेला. "मंग आंगठा कुठं उठत न्हाई."

"न्हाई उठत."

समोरून मळ्यातल्या बाया चालल्या होत्या, मतदानाला. फेब्रुवारी नव्हता, हळद अजून जमिनीत होती. हात साधेच होते. अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. माझ्या जिभेवर आलं, आता सांगावं. आई नाही, आबा नाही, जोतीरामही गेला. मी म्हटलं, "अण्णा, त्या वक्ताला ती पिवळी मतं…"

"तिसऱ्या गठ्ठ्यात हुतं," ते म्हणाले.

मी कट्ट्यावर त्यांच्याजवळ बसले.

"टेबलावरची सरकारी माणसं चिठ्ठ्या उलटत हुती. मी बघत हुतो. तिसऱ्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी आली. पाठीवर पिवळा आंगठा, मधोमध आडवी कोरी रेघ. शिक्का शिडीवर." त्यांनी आपल्या अंगठ्यावरून दुसऱ्या हाताचं नख ओढलं, अगदी जिथं आईची चीर होती तिथून. "पंचवीस वर्षं त्या हातची भाकरी खाल्लेली. मला कळणार न्हाई व्हय?"

"मग तुमी कधी…"

"काय बोलायचं? ती बोलली न्हाई, मी बोललो न्हाई."  आत मशीनचा लांब पीऽऽ असा आवाज झाला. बाहेर कुणीतरी कुणाला हाक मारली.

"आबा म्हणला, खूण हाय, बाद करा. साहेबानं तीच चिठ्ठी उचलली, तीच, आन् मला इचारलं, ह्ये काय हाय?" अण्णांनी अंगठा मिटून मुठीत घेतला. "त्या आंगठ्यानं आयुष्यात पयल्यांदा आपल्या मनानं काय तरी केलंवतं, शाले. ते बाद हुईल म्हणून मी म्हणलो, भंडारा हाय."